रोजमेळ ते सर्व्हर : हातातल्या संगणकांच्या जोडणीचा इतिहास



आजचा विषय आहे हातात मावणाऱ्या जुन्या संगणकांची जोडणी. ही यंत्रं मोठ्या संगणकाला, फोनला, नेटवर्कला कशी जोडली जायची आणि त्या पद्धती बदलत गेल्या तशा आपल्या रोजच्या व्यवहारात काय बदललं, हे आपण पाहणार आहोत. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याने वायरींवर का बोलावं, असा प्रश्न समोरच्या दोन-चार चेहऱ्यांवर मला दिसतोय. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. दोन यंत्रं जोडली की एक प्रश्न ताबडतोब उभा राहतो : एकाच गोष्टीची दोघांकडे वेगवेगळी नोंद असेल, तर खरी कोणाची धरायची? वरवर पाहता हा इंजिनिअरचा प्रश्न आहे. पण मुळात तो प्रमाणाचा प्रश्न आहे, म्हणजे कोणाच्या सांगण्यावरून काय खरं मानायचं याचा. आणि गेल्या चाळीस वर्षांत त्याचं उत्तर आपण कुठलीही चर्चा न करता बदलून टाकलं आहे.

सुरुवातीला एक जुना शब्द आठवू या. रोजमेळ. ज्यांच्या घरी दुकान होतं त्यांना तो सांगायला नको. सकाळची शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचा खर्च, संध्याकाळची शिल्लक. वही एक सांगते, गल्ल्यातली रोकड एक सांगते, आणि दोघांचं जुळलं की दिवस संपला. जुळलं नाही तर दिवा लावून बसायचं. यात वही मोठी आणि रोकड लहान असं नाही. दोघांनाही बोलायचा अधिकार आहे, म्हणून तर 'मेळ' घालावा लागतो. इंग्रजीत यंत्रांच्या बाबतीत ज्याला सिंक म्हणतात, त्याला माझ्या मते इतका नेमका दुसरा मराठी शब्द नाही.

दोन नंबरची आणि तीन नंबरची पिन

हातातल्या संगणकांचा इतिहास साधारण १९८४ पासून सांगतात. त्या वर्षी लंडनच्या सायॉन कंपनीने ऑर्गनायझर नावाचं यंत्र आणलं. दिसायला कॅल्क्युलेटरसारखं, पडद्यावर एकच ओळ. त्यातल्या माहितीच्या वड्या पुसायच्या तर अतिनील प्रकाशाखाली ठेवाव्या लागत. १९८६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि तिला एक वायर जोडता येऊ लागली. आपल्या विषयाची सुरुवात या वायरीपासून होते.

ही वायर आरएस-२३२ नावाच्या नियमाने चालायची. हा नियम अमेरिकेत १९६० साली ठरला, तोही टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी. हातातल्या संगणकाची कल्पनासुद्धा तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. पुढे टेबलावरच्या संगणकाच्या पाठीमागे नऊ पिनांचं जे जोडठिकाण असायचं, ते याच घराण्यातलं. त्यात कामाच्या पिना तीन. दोन नंबरची ऐकण्याची, तीन नंबरची बोलण्याची, पाच नंबरची दोघांना सामाईक जमीन. आता गंमत बघा. एकसारख्या दोन यंत्रांमध्ये सरळ वायर लावली तर दोघंही तीन नंबरवर बोलतात आणि दोन नंबरवर कान लावून बसतात. कोणाचंच कोणाला ऐकू जात नाही. म्हणून वायरीत मुद्दाम फुली मारावी लागते. माझं बोलणं तुझ्या कानाला, तुझं बोलणं माझ्या कानाला. संवादाची इतकी साधी व्याख्या मी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही फार कमी वाचली आहे.

नुसती वायर पुरत नाही. दोघांनी वेग आधी ठरवलेला पाहिजे. तो बहुधा सेकंदाला ९,६०० बिट असा ठेवत. एका अक्षराला आगेमागे खुणेचे बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. समजा एका खात्याची नोंद ४८ अक्षरांची आहे आणि खाती ३०० आहेत. एकूण १४,४०० अक्षरं झाली. पंधरा सेकंदांत काम फत्ते. एका बाजूचा वेग चुकून वेगळा लागला, की पडद्यावर चिन्हांचा कचरा. वायर शाबूत, वीज शाबूत, आणि तरी अर्थ नाही. जोडणी म्हणजे आधी केलेला करार, हे इथे पहिल्यांदा नीट कळतं.

पिग्मीचं यंत्र

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाने हातातला संगणक पहिल्यांदा पाहिला तो कोणाच्या हातात? अनेकांच्या बाबतीत उत्तर आहे, पिग्मी एजंटच्या हातात.

पिग्मीची मूळ कल्पना उडुपीची. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या संस्थेने १९२८ मध्ये, टी. एम. ए. पै यांच्या पुढाकाराने, दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायची योजना काढली. महाराष्ट्रात ती सहकारी बँकांनी आणि पतसंस्थांनी इतकी आपलीशी केली, की पिग्मी हा शब्द मराठीच वाटावा. रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली अशा भागांत भाजीवाले, टपरीवाले, शिंपी, छोटे दुकानदार यांची रोजची बचत वर्षानुवर्षं याच मार्गाने पेढीत गेली. आधी एजंटकडे कार्ड आणि वही असायची. मग यंत्र आलं : वितीपेक्षा थोडं मोठं, आकड्यांची बटणं, छोटा पडदा आणि पोटात कागदाची गुंडाळी.

त्याचा दिनक्रम बघा. सकाळी एजंट शाखेत येतो. यंत्र वायरीने शाखेच्या संगणकाला जोडतात. त्याच्या भागातल्या खात्यांची यादी, म्हणजे खातेक्रमांक, नाव, कालची शिल्लक, यंत्रात उतरते. वायर निघते. त्यानंतर दिवसभर या यंत्राचा जगाशी संबंध तुटलेला असतो. दुकानात उभं राहून एजंट खातेक्रमांक टाकतो, रक्कम टाकतो, पावती फाडून हातात देतो. पावतीवर नवी शिल्लक छापलेली असते, जी त्या क्षणी शाखेच्या संगणकालासुद्धा माहीत नसते. मग एजंट शाखेत परततो, पुन्हा वायर लागते, दिवसाच्या नोंदी वर जातात, यंत्राची बेरीज आणि पिशवीतली रोकड ताडून पाहतात. जुळलं की यंत्र मोकळं, उद्यासाठी तयार. ठरलेल्या दिवसांत भरणा केला नाही तर यंत्राने स्वतःला कुलूप लावावं, अशीही सोय असे.

हा रोजमेळच आहे, फक्त वायरीतून घातलेला. दिवसभर खरं कोण? यंत्र. संध्याकाळनंतर खरं कोण? शाखेचा संगणक. आणि ग्राहकाच्या हातातली पावती ही तिसरी साक्षीदार. प्रामाण्य एका जागी साचून राहत नाही, दिवसाच्या क्रमाने फिरतं. नेटवर्क नसणं हा इथे बिघाड नाहीच. ती यंत्राची स्वाभाविक अवस्था आहे. जोडलेलं असण्याची पंधरा सेकंदं हाच अपवाद.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. एजंटने पैसे घेतले आणि यंत्रात टाकलेच नाहीत, तर कितीही चांगली वायर लावा, शाखेला ते कधीच कळणार नाही. जोडणीतून नोंद प्रवास करते. जे नोंदलंच नाही ते प्रवास करत नाही. म्हणून 'पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका' ही पाटी तांत्रिक सूचनेइतकीच महत्त्वाची होती.

एस.टी.च्या वाहकाचं यंत्र याच कुळातलं. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर पहिली गाडी धावली, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपण तिकिटांचा ट्रे आणि पंचाची टिकटिक ऐकली. २०१० च्या आसपास तिकिटाचं यंत्र आलं. आगारातून निघताना त्यात मार्ग, सहा-सहा किलोमीटरचे टप्पे आणि भाडं भरलेलं; ड्युटी संपल्यावर आगारात हिशोब उतरवून घ्यायचा आणि रोकड भरायची. मधल्या घाटात रेंज आहे की नाही, याच्याशी तिकिटाला देणंघेणं नव्हतं. अलीकडे अँड्रॉइडवर चालणारी यंत्रं आली, त्यांच्यावर यूपीआयने पैसे देता येतात. सोय मोठीच आहे. पण आता घाटात प्रवासी फोन वर धरतो, वाहक यंत्र वर धरतो आणि दोघंही आकाशाकडे पाहतात.

दोन नोंदी, दोन्ही ठेवा

जगात याच काळात काय चाललं होतं? १९९३ मध्ये ॲपलचं न्यूटन आलं आणि १९९८ मध्ये बंद झालं. मधे, १९९६ मध्ये, पामचा पायलट आला आणि तो चालला. का चालला? अनेक कारणं आहेत, पण एक मोठं कारण जोडणीचं. पायलटबरोबर एक बैठक मिळायची. यंत्र तिच्यावर ठेवायचं आणि एक बटण दाबायचं, बस्स. त्याला हॉटसिंक म्हणत. प्रत्येक नोंदीला 'मागच्या मेळानंतर ही बदलली आहे' अशी खूण असायची, त्यामुळे सगळं न पाठवता फक्त बदललेलं पाठवलं की पुरायचं.

मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. समजा एखाद्याचा पत्ता तुम्ही हातातल्या यंत्रात बदललात आणि तोच पत्ता तुमच्या कार्यालयात कोणी तरी संगणकावर वेगळा बदलला. आता खरा कोणता? पामच्या पद्धतीत यंत्र निवाडा करत नसे. ते दोन्ही नोंदी दोन्हीकडे ठेवायचं आणि माणसाला सांगायचं की बाबा, तूच बघ. यंत्राला आपलं अज्ञान ठाऊक आहे आणि ते कबूल करायची रीत त्याच्या रचनेतच घातलेली आहे. त्यामुळे काही वेळा पत्त्यांच्या यादीत एकच माणूस दोनदा यायचा, लोक वैतागायचे. पण कोणाचंही म्हणणं गुपचूप पुसलं जात नव्हतं.

वायरीबरोबरच बिनवायरीची सोयही होती. इन्फ्रारेडचा नियम ठरवणारी संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. टीव्हीच्या रिमोटसारखा प्रकाश, पल्ला सुमारे एक मीटर. दोन यंत्रं समोरासमोर धरायची, मधे हात आला की बोलणं तुटलं. माहिती कोणाला देतोय हे डोळ्यांनी दिसायचं, हा त्याचा गुण आज मला मोठा वाटतो.

काळे आणि काले

वायर झाली, वेग झाला, मेळाची रीत झाली. पण अक्षरं? हा आपला, मराठी माणसाचा खास प्रश्न. अनेक जुन्या हातयंत्रांना इंग्रजी मोठ्या अक्षरांपलीकडे काही येत नव्हतं. रोमनमध्ये 'काळे' आणि 'काले' यांचं स्पेलिंग एकच. 'शहा' आणि 'शाह' सहज एकमेकांत मिसळतात. म्हणजे नाव यंत्रात शिरताना त्यातला ळ गळून पडायचा आणि माणसाची ओळख खातेक्रमांकावर जाऊन बसायची. नाव हे नुसतं शोभेपुरतं.

यावर काम झालं ते मोठ्या संगणकांवर, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. तरीही आपलं अक्षर यंत्राला जडच. मोबाइलच्या एका संदेशात रोमन अक्षरं १६० मावतात, देवनागरीत लिहिलं की ७०. त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. थोडक्यात, करार ठरवायला जे टेबलाशी बसले होते त्यांच्या भाषेला जास्त जागा मिळाली.

सर्वांसाठी एक यंत्र

हे टेबल आपण मांडू, असा एक प्रयत्न भारतात झाला. त्याचं नाव सिम्प्युटर. १९९८ मध्ये बंगळूरला विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर परिसंवाद झाला. त्यातल्या विचारातून भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे एकत्र आले. २००१ मध्ये त्यांनी यंत्र दाखवलं. साधा, स्वस्त, बहुभाषी, लोकांचा संगणक, असा त्या नावाचा अर्थ. लिनक्सवर चालणारा, मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखवू शकणारा. जोडणीसाठी टेलिफोनची तार, यूएसबी आणि इन्फ्रारेड.

पण खरी कल्पना होती ती स्मार्ट कार्डाची. गावात यंत्र एकच. ते पंचायतीत किंवा शाळेत असेल, भाड्यानेही मिळेल. प्रत्येकाकडे मात्र स्वतःचं कार्ड. कार्ड घातलं की यंत्र तुमचं, काढलं की ते तुम्हाला विसरलं. यंत्र सामाईक, स्मृती खासगी. आज आपल्याकडे नेमकं उलट आहे : यंत्र प्रत्येकाचं खासगी आणि स्मृती मात्र दूर कुठे तरी, दुसऱ्याच्या गोदामात.

सिम्प्युटर बाजारात चालला नाही. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून 'अमिडा' नावाने तो विक्रीला आला, किंमत दहा हजारांच्या आसपास पासून पुढे. तोवर साध्या मोबाइलच्या किमती कोसळू लागल्या होत्या, आणि गावाला जे हवं होतं, म्हणजे बोलणं, ते मोबाइल देत होता.

वारणेचा धडा

या इतिहासातलं माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारं प्रकरण आपल्याच राज्यातलं आहे, वारणानगरचं.

१९९८ मध्ये वारणा खोऱ्यात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांसाठी, 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. साखर कारखाना, सहकारी संस्था, राज्य आणि केंद्र सरकार एकत्र. गावोगावी केंद्र, केंद्रात संगणक, तो मध्यवर्ती व्यवस्थेला जोडलेला. अपेक्षा मोठ्या होत्या : शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, शेतीचा सल्ला मिळेल, सरकारी दाखले मिळतील, मुलं संगणक शिकतील.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन शाखेतले अभ्यासक तिथे गेले. त्यांनी पाहिलं, की हे संगणक प्रत्यक्षात अगदी मोजक्या कामांसाठी वापरले जातात. शेतकऱ्याला विचारायचं असतं ते एवढंच : माझ्या उसाचं वजन किती भरलं, तोडणीचा परवाना निघाला का, माझ्या नावावर खत किती पडलं. उत्तर दोन-चार आकड्यांचं. त्यासाठी वीज, संगणक, तो चालवणारा माणूस आणि तासन्‌तास टिकणारी जोडणी, एवढा सरंजाम.

मग त्यांनी 'वारणा अनवायर्ड' नावाचा प्रयोग केला. कारखान्याच्या बाजूला एक संगणक आणि त्याला जोडलेला एक मोबाइल फोन. शेतकऱ्याने एसएमएस करायचा, संगणकाने नोंदीतून आकडा काढून एसएमएसनेच उत्तर द्यायचं. सात गावं, आठ महिने. निष्कर्ष असा निघाला, की गावातल्या संगणकावर होणारी सगळी कामं फोनवर झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत अधिक सोयीची वाटली.

यातून काय घ्यायचं? मोबाइल जिंकला, संगणक हरला, एवढंच घेतलं तर धडा वाया गेला. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, आधी प्रश्न कोणाचा आहे आणि केवढा आहे ते पाहिलं गेलं, आणि जोडणी त्या मापाची शिवली गेली. दुसरी गोष्ट एसएमएसच्या स्वभावातली. पहिला एसएमएस १९९२ मध्ये पाठवला गेला, तेव्हापासून त्याची रीत एकच : तुमचा फोन बंद असेल, तुम्ही रेंजबाहेर रानात असाल, तर निरोप मधल्या केंद्रावर थांबतो आणि तुम्ही आलात की पोचवला जातो. टपालासारखा. तुम्ही आत्ता, या क्षणी हजर नाही म्हणून तुमचा प्रश्न रद्द होत नाही. पिग्मीच्या वायरीत आणि वारणेच्या एसएमएसमध्ये ही एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही व्यवस्थांनी गैरहजेरीला जागा ठेवली आहे.

मेळ संपला, परवानगी सुरू झाली

आता शेवटचा टप्पा. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आपल्याच महसूल विभागातलं गाव. पुढे रेशन दुकानांत ई-पॉस यंत्रं आली. हीही हातात मावणारी, बटणं, पडदा, कागदाची गुंडाळी. लांबून पाहिलं तर पिग्मीच्या यंत्राची सख्खी बहीण. पण आतून सगळं बदललं आहे.

बोट ठेवलं की ठसा दूरच्या मध्यवर्ती साठ्याकडे जातो आणि तिथून उत्तर येतं : हो किंवा नाही. हे यंत्र स्वतः तुमच्याविषयी निवाडा करू शकत नाही. त्याच्याकडे मेळ घालण्यासारखं स्वतःचं काही नाही. ते फक्त विचारतं. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे जसं आहे तसं सांगणारा, ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस. गावातल्या दुकानदाराला समोरची बाई तीस वर्षं माहीत आहे, रांगेतल्या सगळ्यांना माहीत आहे. पण आता आप्त एकच उरला, तो सर्व्हर. आणि सुरगाणा-पेठच्या एखाद्या पाड्यावर पावसात रेंज गेली, की हा आप्त मुका होतो. तो 'नाही' म्हणालेला नसतो, तो काहीच म्हणालेला नसतो. तरी परिणाम 'नाही'चाच होतो. धान्य गोदामात, माणूस दारात, मधे मौन.

दुसरी बाजू न सांगणं अन्यायाचं होईल. खोट्या शिधापत्रिका होत्या, धान्य परस्पर विकलं जात होतं, हे खरं आहे. आणि मध्यवर्ती नोंद असल्यामुळेच २०१९ पासून महाराष्ट्राचं कार्ड गुजरातमध्ये चालू लागलं. पुढे ते देशभर चालू लागलं. आपल्या आदिवासी तालुक्यांतून कामाला बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना याचं मोल विचारा. पिग्मीच्या यंत्राला हे कधीच जमलं नसतं, कारण त्याला एका शाखेपलीकडचं जग ठाऊकच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं जोडणीच्या विरुद्ध नाही. जोडणीचे दोन अर्थ आहेत. एक मेळ, दुसरा परवानगी. मेळात आधी व्यवहार होतो आणि मग तपासणी. परवानगीत आधी तपासणी आणि मग, जमलं तर, व्यवहार. कोणत्या कामाला कोणता अर्थ लावायचा, हे त्या कामात चूक झाली तर कोणाचं किती बिघडतं यावरून ठरवायला हवं. बँकेतून लाख रुपये काढायचे आहेत, तर परवानगी हवीच. थांबावं लागलं तर थांबू. पण महिन्याचं धान्य? तिथे एखादी चुकीची नोंद मागाहून शोधता येते, रिकामी गेलेली रात्र मागाहून भरून काढता येत नाही. केंद्र सरकारनेही ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं, की नेटवर्क नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, दुसरं ओळखपत्र पाहून ते द्यावं आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. म्हणजे बघा, सगळं फिरून आपण पुन्हा वहीपाशी आलो. फक्त ती वही दुकानात उघडी असते का आणि दुकानदाराला तिच्यात लिहायची भीती वाटते का, एवढं आपण नागरिक म्हणून जाऊन पाहायला हवं.

आता प्रश्न घेऊ.

(व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न : माझ्या कपाटात वडिलांचं जुनं पाम आहे. त्यातल्या नोंदी अजून काढता येतील का?

उत्तर : प्रयत्न जरूर करा, पण आधी बॅटरीचं बघा. त्या काळच्या अनेक यंत्रांत नोंदी बॅटरीच्या जोरावरच टिकत. बॅटरी पूर्ण संपली की पाटी कोरी. त्यामुळे वर्षानुवर्षं पडून असेल तर यंत्रात काही उरलं असण्याची शक्यता कमी. मात्र वडील ते संगणकाला जोडत असतील तर जुन्या संगणकाच्या डिस्कवर त्याची प्रत असू शकते, ती आधी शोधा. यंत्र जिवंत असेल तर नऊ पिनांपासून यूएसबी करणारं जोडसाधन मिळतं. थोडं नंतरचं वाय-फायवालं यंत्र असेल तर मात्र वेगळी अडचण येते. सुरुवातीच्या वाय-फायचं कुलूप २००१ मध्येच फोडता येतं असं सिद्ध झालं, म्हणून आजची उपकरणं ते सहसा स्वीकारत नाहीत. सुरक्षित संकेतस्थळांच्या जुन्या पद्धतीही ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास बंद केल्या. यंत्र बोलतंय, पण त्याची बोली समजणारं कोणी उरलं नाही, अशी गत होते. वायर आणि इन्फ्रारेड असणारी त्याहून जुनी यंत्रं त्या मानाने लवकर बोलती होतात. आणि नोंदी मिळाल्याच, तर साध्या मजकुराच्या रूपात ठेवा आणि एक प्रत कागदावर काढा.

प्रश्न : सर, आधी धान्य द्या आणि मग तपासा म्हटलं, तर पुन्हा गैरव्यवहार सुरू होणार नाहीत का?

उत्तर : होऊ शकतात. पिग्मीतही होत होते. म्हणून तिथे रोजची बेरीज होती, ग्राहकाच्या हातात पावती होती आणि मुदतीत मेळ घातला नाही तर कुलूप पडत होतं. यंत्रात आज याहून किती तरी जास्त करता येईल. या महिन्याची यादी यंत्रातच ठेवा, रेंज आली की नोंदी वर जाऊ द्या, आणि रेंज नसताना वाटलेल्या धान्याचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा. गैरव्यवहार करणाऱ्याला पकडण्याचा भार व्यवस्थेवर असावा. आपण खरे आहोत हे सिद्ध करण्याचा भार, रेंज नसलेल्या टेकडीवर, उपाशी माणसावर नसावा. इतकंच माझं मागणं आहे.